खोलीची शांतता

१

रेडिओ केंद्राच्या तळघरात उतरणारा जिना वळणाचा होता. वळण ओलांडलं, की रस्त्यावरचे भोंगे, कँटीनमधली भांडी, वरच्या मजल्यावरचे वादविवाद, सगळं कुणी कात्रीने कापल्यासारखं बंद होई. कानसेनला ती जागा फार प्रिय होती. निवृत्त माणसाला कचेरीतून पुन्हा बोलावणं आलं, की तो आधी थोडे आढेवेढे घेतो. याने घेतले नाहीत. घरात बसवत नव्हतं.

तानसेन होता आलं नाही तर माणसाने निदान कानसेन व्हावं, असं म्हणतात. त्याला ते नाव ऐन पंचविशीत चिकटलं ते चिकटलंच. व्हरांड्यात कोण खोकलं हे तो पाठ फिरवून सांगे. खोकणारा रजा मागायला आलाय की भांडायला, हेही सांगे. लग्नाआधी सासऱ्यांनी त्याची चौकशी केली, तेव्हा केंद्रातून उत्तर गेलं होतं, की मुलगा गुणी आहे, फक्त त्याच्यादेखत कुजबुजू नका.

केंद्र नव्या इमारतीत जाणार होतं. त्याआधी तळघरातल्या जुन्या फिती संगणकावर उतरवून घ्यायच्या होत्या. सकाळी आल्या आल्या तो म्हातारीला जागं करी. म्हातारी म्हणजे फिती वाजवायचं जुनं यंत्र. तिला तापायला वेळ लागे आणि तापेपर्यंत ती कण्हत राही. मग फीत चढवायची, कानांवर हेडफोन घालायचे, जिथे फीत खराब झाली असेल तिथे डागडुजी करायची. दुपारी संग्रहाच्या बाई चहा घेऊन खाली येत. या सगळ्या फिती त्यांच्या ताब्यात, आणि प्रत्येक वाक्याला "चालायचंच" हे शेपूट लावायची त्यांना सवय. कानसेन चहा कोमटच पितो हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. कारण त्यांनी विचारलं नाही. बाई शहाण्या होत्या.

त्या आठवड्यात पाळी आली अंतराळाच्या कपाटाची.

एक काळ असा होता की सगळ्यांनाच आभाळाचं वेड लागलं होतं. चंद्रावर अजून कुणी पाय ठेवलेला नव्हता, त्यामुळे तिथे वाटेल ते नेऊन ठेवता येई. शुक्रावर जंगलं होती, मंगळावर कालवे होते. यंत्रमानव दोन भाग मालकाशी अदबीने बोलत आणि तिसऱ्या भागात त्याच्यावर उलटत. माणसं जेवणाऐवजी गोळी खात, आणि गोळी खाऊनही नवरे म्हणत, की मीठ कमी पडलंय. भविष्यात जाऊन आलेल्या माणसाला त्याच्याच घरात कुणी ओळखत नसे. या साऱ्या विश्वाचे आवाज कानसेनने काढलेले होते. यानाचं उड्डाण म्हणजे पंपाचा स्टोव्ह. यानाचं दार म्हणजे लेखा विभागातलं लोखंडी कपाट. मंगळावरचा प्राणी म्हणजे ओल्या फडक्यात बांधून फरशीवर ओढलेले बटाटे. ते बटाटे ऐकून तेव्हा पोरं आईच्या कुशीत शिरत.

फिती वाजत होत्या आणि तो एकटाच हसत होता. सगळ्यांत वरच्या फळीकडे मात्र तो बघत नव्हता.

२

वरच्या फळीवर 'शेवटचं यान' होतं.

ती मालिका बसवली होती एका दिग्दर्शकाने. त्याला सगळे मंगळसाहेब म्हणत, कारण पृथ्वीवरच्या कुठल्याच गोष्टीत त्याचं लक्ष नसे. गोष्ट साधी होती. एक यान सूर्यमालेच्या बाहेर निघालं आहे. पृथ्वीवरच्या केंद्रातली एक मुलगी रोज त्याला हाक मारते, "पृथ्वी बोलतेय. आहात का?" यानाचा कप्तान उत्तर देतो. पण यान जसजसं दूर जातं, तसतसा उत्तर यायला जास्त वेळ लागतो. मंगळसाहेबांचा हट्ट असा, की तेवढा वेळ श्रोत्यांनीही थांबायचं. "अंतर ऐकू आलं पाहिजे," असं ते म्हणत. म्हणून हाकेनंतर रेडिओवर खरोखरच काही नसे. घरोघर लोक बिघाड समजून रेडिओच्या डोक्यात टपल्या मारत. केंद्रप्रमुखांनी साहेबांना बोलावून सांगितलं, की बाबा रे, आपण बोलण्यासाठी नेमलेली माणसं आहोत.

एक भाग फार गाजला होता. त्यात मुलगी हाक मारते, आणि उत्तर लगेच येतं. आवाज कप्तानाचाच, शब्द कप्तानाचेच. सगळे आनंदाने नाचू लागतात. ती मुलगी तेवढी पांढरीफटक पडते, कारण इतक्या दुरून इतक्या लवकर उत्तर येऊच शकत नाही. ज्याने ओ दिली ते कप्तान नाही. ते दुसरंच काहीतरी आहे, आणि ते जवळ आहे.

ती मुलगी जिने केली, ती पुढे कानसेनची बायको झाली. मागच्या वर्षी ती गेली.

मालिकेतली हाक ही मुळात तिचीच. ध्वनिमुद्रणाआधी ती काचेपलीकडून विचारी, "आहात का?" आणि काचेअलीकडे यंत्रांपुढे बसलेला तो म्हणे, "आहे." मग ती म्हणे, "हं." साहेबांनी ते ऐकलं आणि संहितेत घालून टाकलं. मालिका संपली, लग्न झालं, हाक घरी आली. भाजी निवडता निवडता, कपडे वाळत घालता घालता, काही काम नसताना ती दुसऱ्या खोलीतून विचारी, "अहो, आहात का?" "आहे." "हं." त्यांचा निम्मा संसार या एवढ्यात उरकला. लेक मोठी झाल्यावर मैत्रिणींना सांगे, आमच्या घरात दिवसातून दहादा हजेरी होते.

शेवटच्या सकाळी तो स्वयंपाकघरात होता. ती बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली. चहाचं पाणी खळखळून उकळत होतं. आतून हाक आली, "अहो, आहात का?" तो म्हणाला, "आहे."

'हं' आलं नाही. पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल, असं समजून तो कप घेऊन आत गेला. ती गेलेली होती. तोंड दाराकडे होतं.

त्याचं 'आहे' तिच्यापर्यंत पोचलं होतं, की ती त्याआधीच निघाली होती? एवढंच त्याला हवं होतं. खाट स्वयंपाकघरापासून हाकेच्या अंतरावर. अगदी शब्दशः. सगळे भेटायला आले, म्हणाले, शांतपणे गेली, भाग्याची. त्याने मान हलवली. आणि घर रिकामं झाल्यावर एका दुपारी आयुष्यभराचा धंदा त्याच्या अंगात संचारला. तिच्या उशीवर त्याने ध्वनिमुद्रक ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन तेवढंच पाणी तेवढ्याच आचेवर ठेवलं, उकळू दिलं, आणि तेवढ्याच आवाजात म्हणाला, "आहे." मग खाटेच्या कडेला बसून ऐकलं. पाणी ऐकू येत होतं. त्याखाली एक शब्द होता, किंवा नव्हता. हवा असलेला शब्द माणसाला कुठेही ऐकू येतो हे कानसेनइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याने ते पुसून टाकलं. तेव्हापासून तो पाण्याला उकळी फुटण्याआधीच गॅस बंद करी, आणि कोमट चहा पिई.

३

शेवटच्या भागाच्या डब्यावर 'अपूर्ण' असं लिहिलेलं होतं. तो कधी प्रसारित झालाच नाही. तिची हाक मुद्रित झाली. कप्तानाचं उत्तर नंतर घेऊ, असं साहेब म्हणाले. मग कप्तानाचं काम करणारा नट गाव सोडून गेला, साहेबांची बदली झाली, आणि यान तसंच राहिलं.

कानसेनने मनाचा हिय्या करून फीत चढवली. तिचा विशीतला आवाज कानात आला. पाण्यात पाय घालावा आणि पाणी वाटलं होतं तेवढं गार नसावं, तसं झालं. तो ऐकत राहिला. "पृथ्वी बोलतेय," ती म्हणाली. "आहात का?"

पुढे मात्र ओल लागून फितीवरचा थर उडाला होता. शांतता सलग राहिली नव्हती, तिचे तुकडे पडले होते.

आता शांतता ही काही रिकामी वस्तू नव्हे. प्रत्येक खोलीची आपली एक शांतता असते, जशी प्रत्येक घराला आपली एक हवा असते. एका खोलीच्या शांततेला दुसऱ्या खोलीचं ठिगळ लावलं, तर कानाला ठेच लागते. म्हणून या धंद्यातली माणसं नाटक मुद्रित झालं की त्या रिकाम्या खोलीची थोडी शांतता वेगळी घेऊन ठेवतात. पुढेमागे फाटलं तर जोडायला. नियम एकच. यंत्र सुरू करायचं, दार ओढून घ्यायचं आणि बाहेर जाऊन उभं राहायचं.

ज्या स्टुडिओत ती हाक मारली गेली, तो अजून वर होता. भिंतींवरचं कापड फाटलेलं, खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. कानसेनने सकाळीच वर जाऊन तिथली शांतता घेतली. खाली आल्यावर संगणकाच्या पडद्यावर तिची रेघ पाहिली; आवाज असेल तिथे ही रेघ उचलली जाते. रेघ बराच वेळ सपाट होती, पुढे एका जागी उचलली होती. आपण परत दार उघडलं त्याचा धक्का, असं समजून त्याने तिथून पुढचं सगळं सोडून दिलं, आणि त्याच्या आधीचा सपाट तुकडा कापून फितीवरच्या हाकेपुढे जोडला. पडद्यावर जोड बेमालूम दिसला, ऐकून तपासायचं त्याने उद्यावर ठेवलं. तो समाधानाने घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तपासायला म्हणून त्याने तो भाग लावला. "पृथ्वी बोलतेय. आहात का?"

आणि लगेच, तिचा शब्द विरतो न विरतो तोच, कुणीतरी श्वास आत घेतला.

४

घाबरायच्या आधी माणूस कारणं शोधतो, आणि कानसेनकडे कारणांची कमतरता नव्हती. गुंडाळलेल्या फितीत एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. पण जोड फितीचा नव्हताच. मग पाण्याचा नळ? त्या भिंतीत नळ नव्हता. पंखा? वर्षभरापासून बंद. वारा? त्या खोलीला खिडकीच नव्हती. आपण स्वतः? ते तर शक्यच नव्हतं. आपण बाहेर, व्हरांड्यात उभे होतो. दार ओढलेलं त्याला आठवत होतं, मुठीचा गारवासुद्धा आठवत होता.

त्याने आवाज थोडा वाढवून पुन्हा ऐकलं. श्वास एकच नव्हता. सावकाश, खोल, दमलेल्या माणसाचा असतो तसा तो येत-जात होता. माईकच्या अगदी जवळ. मध्ये एकदा लाकूड करकरलं, जसं कुणी बसल्या बसल्या पुढे झुकावं.

दुपारी बाई चहा घेऊन आल्या, तेव्हा त्याने त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवले. हा जोड आहे, नवा आहे, यातलं काही सांगितलं नाही. कोऱ्या कानांनी ऐकू दे म्हटलं. बाईंनी ऐकलं. मान कलती केली. आधी म्हणाल्या, की वहिनींचा आवाज किती गोड होता हो. मग हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले.

"पुढे कोण आहे हे?" त्यांनी विचारलं. "बोलायच्या बेतात दिसतंय कुणीतरी."

"बोलायच्या बेतात कशावरून?"

"गप्प बसायचं असलं की माणूस असा श्वास घेत नाही."

या वाक्याला त्यांनी "चालायचंच" लावलं नाही. चहा ठेवला आणि त्या वर गेल्या. नंतरचे काही दिवस त्यांनी चहा कँटीनच्या माणसाकडे देऊन पाठवला.

त्या रात्री, आणि पुढच्या रात्रीही, कानसेनला झोप कमी आणि जुन्या गोष्टी जास्त आल्या. बटाट्याच्या प्राण्याला हसणारा माणूस आता त्या एका भागाचा विचार करत होता. लगेच ओ देतं, ते जवळ आहे. तिने हाक मारली होती, आणि तिचा माणूस चहाच्या पाण्याजवळ उभा होता. मधल्या त्या क्षणात दुसऱ्याच कुणी ओ दिली असेल तर? कुणीतरी, जे इतकी वर्षं त्या हाकेच्या आसपास होतं, ज्याला तिचा स्वर पाठ होता आणि उत्तरही पाठ होतं? 'हं' आलं नाही ते म्हणून तर नव्हे? तिने दाराकडे तोंड केलं होतं. दारात तेव्हा कोण होतं?

असले विचार दिवसाउजेडी हास्यास्पद वाटतात, असं म्हणतात. त्याला नाही वाटले.

५

एका सकाळी तो पुन्हा वरच्या स्टुडिओत गेला. म्हटलं, डोळ्यांनी बघून टाकावं.

दार नीट मिटत नव्हतं, ढकलताच उघडलं. दिवा लावला. खुर्च्या तशाच रचलेल्या होत्या, सगळ्यांवर धूळ. पण त्यातली एक खाली उतरवलेली होती. ती खोलीच्या मधोमध, काचेकडे तोंड करून मांडलेली होती. जिथे त्याची बायको उभी राहून हाक मारी, तिथेच. बसण्याच्या जागेवरची धूळ पुसली गेली होती.

कानसेनने ती खुर्ची उतरवली नव्हती. याबद्दल तो शपथ घ्यायला तयार होता. तो दाराशीच उभा राहिला. काचेपलीकडचा नियंत्रण कक्ष अंधारात होता, आणि काचेत ती खुर्ची दिसत होती, आणि तिच्यामागे तो स्वतः. खोलीत शांतता होती. त्याला इतकी ओळखीची, की कुणी झोपेतून उठवून ऐकवली असती तरी नाव सांगितलं असतं. आणि त्याला प्रथमच कळलं, की आपण ओळखतो ती या खोलीची शांतता नव्हे. कुणीतरी गप्प आहे, याची ती शांतता आहे.

तो खाली आला. म्हातारीवर राग काढावा तसा त्याने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तो भाग लावला. तिची हाक कानठळ्या बसतील इतकी मोठी आली. मग श्वास, आता वाऱ्यासारखा. खुर्ची करकरली. कुणीतरी आवंढा गिळला. आणि जोड संपायच्या अगदी कडेला, ओठ उघडल्याचा बारीक ओला आवाज झाला, आणि पाठोपाठ घोगरा, दबलेला असा स्वर उमटला, "आ…"

तिथे जोड कापलेला होता.

कानसेनने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, ते थोडेसे आपटलेच. पुढचं अक्षर कोणतं होतं ते सांगायला कानसेन असण्याची गरज नव्हती. तो त्याचा शब्द होता. त्याच्या घरातला. आणि कुणीतरी तो घेतला होता.

६

लेक गावाहून न कळवता आली. ती दातांची डॉक्टर. समोरच्याला बोलू न देणं हा तिचा व्यवसाय, असं तिची आई म्हणे. फोनवर बाबा दोन शब्दांपलीकडे बोलत नाहीत हे तिने चार-पाचदा पाहिलं, मग दवाखान्याला कुलूप लावलं आणि निघाली. घरी बाप नव्हता. स्वयंपाकघरात न उकळलेल्या चहाचं पातेलं होतं. ती सरळ तळघरात येऊन उभी राहिली.

तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, आणि जेवलात का वगैरे काही विचारलं नाही. म्हणाली, "काय ऐकताय ते मला द्या."

त्याला द्यायचं नव्हतं. आईचा आवाज आहे म्हणून टाळलं, मग फीत खराब आहे म्हणाला. ती खुर्ची ओढून बसली. अखेर त्याने तिला सांगितलं. जोड, श्वास, खुर्ची, ते अर्धं अक्षर. उशीवरच्या ध्वनिमुद्रकाचंही सांगितलं, जे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. 'हं' आलं नाही, तेही. सांगताना तो म्हातारीच्या चाकांकडे बघत होता. लेकीने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. मग हेडफोन चढवले आणि डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. आणि तिच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"बाबा, हे तुम्ही आहात."

तो म्हणाला, शक्य नाही, मी बाहेर होतो.

"बाहेर असा नाहीतर चंद्रावर असा. मी दिवसभर लोकांच्या नाकाशी नाक लावून बसते. डाव्या नाकपुडीतली शिट्टी आहे ही. लहानपणी या शिट्टीवर मी झोपायचे, आई म्हणायची, तुझ्या बाबांचं यान निघालं."

जगातल्या सगळ्या खोकल्यांची नावं ज्याला पाठ, त्याला स्वतःचा श्वास कधी ऐकायची वेळच आली नव्हती. आयुष्यभर काचेअलीकडे बसलेल्या माणसाने, आवाज करणाऱ्या वस्तूंमध्ये स्वतःला कधी धरलंच नव्हतं.

तरी त्याला पटेना. इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. लेक आली हे ऐकून बाई स्वतः चहा घेऊन आल्या होत्या. लेकीने त्यांना विचारलं, की बाबा वर शांतता घ्यायला गेले होते, तेव्हा ते कुठे उभे होते हे पाहिलं होतं का कुणी?

"उभे कुठले?" बाई म्हणाल्या. "आत बसले होते. मी दारातून डोकावले. खुर्ची काचेपुढे ओढून, डोळे मिटून. म्हटलं, नको हाक मारायला. चालायचंच."

आणि त्याला आठवलं. दार ओढलं होतं, पण ते मिटलं नव्हतं. मुठीचा गारवा खरा होता. बाहेर उभं राहिल्याचं मात्र आठवत होतं ते त्या दिवसाचं नव्हे, बाकी सगळ्या दिवसांचं. त्या दिवशी तो परत आत गेला होता, एक खुर्ची उतरवली होती, आणि बायको जिथे उभी राही तिथे जाऊन बसला होता. थोडा वेळ. पाय दुखत होते म्हणून.

त्याला हसू आलं. ते बरंच मोठं होतं. बाई दचकल्या, मग त्याही हसल्या, आणि आपण का हसतोय हे लेकीकडून समजून घेऊन पुन्हा हसल्या. आपल्याच नाकपुडीला घाबरणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. मंगळावरच्या बटाट्यांनंतर या केंद्राने काढलेलं हेच सगळ्यात भयंकर भूत, असं त्या म्हणाल्या आणि कप गोळा करून वर गेल्या.

७

हसणं ओसरल्यावर लेक म्हणाली, "पण मग तुम्ही 'आहे' का म्हणालात?"

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"माणूस उगाच ओ देत नाही," ती म्हणाली. "कुणी हाक मारल्याशिवाय."

तो म्हणाला, सवय असेल. ती जागा, ती काच. ती म्हणाली, असेल. म्हातारी चालूच होती, रिकामी फिरत होती.

त्या दिवशी घेतलेली मूळ शांतता संगणकात अखंड पडून होती. रेघ उचलली होती तिथून पुढचं कुणीच ऐकलं नव्हतं. लेकीने हेडफोन आपल्याच कानांवर ठेवले. आधी मी, म्हणाली. रुग्णाला चूळ भरायला सांगावं त्या सुरात. त्याने सुरू केलं.

त्याला काही ऐकू येत नव्हतं, फक्त तिचा चेहरा दिसत होता. आधी बराच वेळ काही नाही. तिने बोटाने खूण केली, श्वास. हाक होती का, त्याने विचारलं. तिने मान हलवली, नाही. हाक कुठेच नव्हती. मग तिने ओठांनीच सांगितलं, "आहे." म्हणजे ते आलं. पूर्ण, त्याच्या आवाजात. पडद्यावर उचललेली रेघ मागे पडली आणि पुन्हा सपाट झाली.

लेक ऐकत राहिली. रेघ सपाटच होती. ती इतका वेळ सपाट होती, की आता काही नाही असं वाटून त्याने बंद करायला हात पुढे केला. लेकीचाही हात हेडफोन काढायला कानाकडे गेला होता.

तिचा हात तिथेच थांबला.

तिने हेडफोन काढले, तारेचा गुंता नीट सोडवला, आणि ते बापाच्या कानांवर आपल्या हाताने ठेवले. लहान मुलाला टोपी घालावी तसे. रेघ थोडी मागे नेऊन तिने सुरू केलं.

शांतता होती. लांब, पुष्कळ लांब शांतता. मंगळसाहेबांनासुद्धा एवढी घालायचं धाडस झालं नसतं. त्याने जिवाचा कान केला. मग, एखाद्या दूरच्या खोलीत काही निवडता निवडता, मान वर न करता कुणी म्हणावं तसं, खालच्या पट्टीत आणि समाधानाने, एकदाच आलं.

"हं."

कानसेनने हेडफोन काढले. लाकूड असेल. जुनी इमारत आहे, बसता बसता आवाज करते. व्हरांड्यातून कुणी गेलं असेल. बाईच दारात होत्या. ही सगळी कारणं त्याला सुचली, आणि सुचतील तशी तो ती ओळीने बघून घेत होता. पण त्याने आवाज वाढवला नाही. पुन्हा लावलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एक आवाज तपासला नाही.

लगेच आलं नव्हतं, एवढं त्याला पुरलं. अंतर वाढलं की उत्तराला वेळ लागतो. 'हं' राहिलं नव्हतं, वाटेत होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत त्याने एक काम केलं. शेवटच्या भागातला जोड काढला, आणि तिच्या हाकेपुढे ती सगळी शांतता अखंड लावली. तिची हाक, त्याचा श्वास, 'आहे', आणि त्यापुढचं सगळं. बाईंना म्हणाला, डब्यावरचा 'अपूर्ण' शब्द खोडा. त्यांनी विचारलं, की हे नियमात बसतं का? तो म्हणाला, बसवा. त्यांनी खोडला.

लेक जिन्यावर पुढे होती. वळणाशी पोचताच रस्त्याचा सगळा गोंगाट अंगावर आला, भोंगे, भांडी, कुणाचं तरी भांडण, आणि त्याला त्यातलं काहीच वेगळं काढावंसं वाटलं नाही. भूक लागली होती.

घरी गेल्यावर लेक म्हणाली, मी टाकते चहा. त्याने तिला बसवलं. पाणी ठेवलं, गॅस मोठा केला, आणि ते खळखळून उकळेपर्यंत तिथेच उभा राहिला.